बाबांच्या खिशातला फ्यूज

मंगळवार, संध्याकाळ

मॉनिटर बिघडलेलाच नव्हता. दोन दिवस उगाच त्याच्यामागे लागले. केबल बदलली, बटण दाबून बोट दुखलं. सीपीयू दुसऱ्या बोर्डावर, तो व्यवस्थित चालू. बाबा शेजारी बसून सांगत होते, "कॅपॅसिटर गेला असेल गं." सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढलेला माणूस, म्हणून मीही मान डोलावली. आज नाशिक रोडला दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तिथे लगेच लागला.

म्हणजे आपलं सॉकेट. घरी येऊन टेबल सरकवलं, तर मागे लाल पुठ्ठा पडलेला. 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' खाली बाबांची सही, वार रविवार. बोर्डातला फ्यूज गायब. ही त्यांची प्लांटमधली सवय. फ्यूज काढायचा, पाटी अडकवायची आणि फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी बसवणार नाही.

विचारलं तर म्हणाले, "मी कशाला हात लावू?" तेव्हा तो पांढरा फ्यूज त्यांच्या खिशातून डोकावत होता. रोज शर्ट बदलताना पेनाबरोबर तोही या खिशातून त्या खिशात जात असणार.

मी खिशाकडे बोट दाखवलं नाही. का नाही दाखवलं? ज्याने काढला त्यानेच बसवायचा, हा त्यांचाच नियम, म्हणून? की त्यांना खरंच आठवत नसेल, याला मी घाबरले?

मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर लावला. बाबा मागे येऊन उभे राहिले. "बघ, कॅपॅसिटरच होता ना?"

मी हो म्हटलं.