दगडाची मागची बाजू

दि. ३

ति. ताईस,
सा. न. वि. वि. बूट फाटलेत, बाकी मी धड आहे.

हे डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान अर्धं एका देशात, अर्धं दुसऱ्यात. अस्वलं दोन्हीकडे हिंडतात, त्यांना कोणी विचारत नाही. परवा वाटेत सरहद्दीचा दगड लागला. आकडा सुबक रंगवलेला. आता दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाबांनी आपल्याला लहानपणापासून काय शिकवलं? पाटी मागूनही बघायची, कामचुकारपणा तिथे सापडतो. म्हणून मी मागे गेलो. तिथे वनरक्षक डबा खात बसला होता. तोंडातला घास संपवून त्याने सांगितलं, की मी त्याच्या देशात विनापरवाना शिरलोय. पासपोर्ट त्याच्याकडे, मी चौकीत. साहेब सोमवारी येतात. कुठल्या, ते त्यालाही माहीत नाही. अस्वलांचं सांगायचं राहिलं, कागद संपला.

बाबांना सांगू नकोस. लोभ आहे तेवढा टिकव.

तुझा
भटक्या

दि. ८

चि. भटक्यास,
अ. आ. बाबांना सांगितलं.

वीस तारखेला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे तू विसरला असशीलच. उजवा गेलाच आहे. ही तारीख हुकली तर डावाही टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि बाबा म्हणतात, तो आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. तुझी हकिकत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की मग मागची बाजू कशी होती.

तेवढं कळव आणि ये. माया आहेच, पण ती ताणू नकोस.

ताई

दि. १३

ति. ताईस,
सा. न. वि. वि. मागची बाजू भिकार आहे. रंगाचे पोपडे, आकडा ओळखू येत नाही.

साहेब आले एकदाचे, त्यांनाही हेच सांगितलं. पलीकडच्यांची बाजू आपल्यापेक्षा बरी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. म्हणाले, रंगवून दे आणि पासपोर्ट घेऊन जा. ज्या ब्रशला भिऊन मी घर सोडलं तोच शेवटी हातात आला. दोन दिवस लागले. फोटो सोबत आहे. आज निघतोय, वाटेत कुठेही वळणार नाही. बाबांना म्हणावं, झोपा, मी उशाशी असेन.

तुझा
भटक्या

दि. २५

मा. साहेबांस,
स. न. वि. वि. आपल्या दगडाची मागची बाजू रंगवणारा माझा मुलगा. एकोणीसला घरी पोचला. ऑपरेशननंतर तीन दिवस उशाशी बसून होता, एका जागी.

काल पट्टी निघाली. पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं, मग आपल्या दगडाचा फोटो. आकडा डावीकडे कलला आहे. असं काम मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. दुरुस्तीला दोघं येतोय. परवाना कुठे मिळतो, ते आधी कळवावं. मला दगडाला पूर्ण फेरी मारायची आहे.

आपला
पाटीवाला