जावयाच्या अंगाला तेल

आई, तुझा जावयावर विश्वास नव्हता हे खरं. पण तुझा गवळ्याच्या दुधावर आणि गुरवाच्या अंगाऱ्यावरही नव्हता, म्हणून त्यात ह्यांचा वेगळा अपमान झाला असं मी कधी मानलं नाही. आज विचारायचंय ते निराळंच आहे.

लढाईचे दिवस होते. मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालायच्या आणि पलूसकडची निम्मी तरणी माणसं तिकडं होती. वैशाखात माझं लग्न लागलं आणि हळद उतरायच्या आत हे रंगखात्यातल्या नोकरीवर परत गेले. आमची धड ओळखही झाली नव्हती. दिवाळसणाला आले ते मला मुंबईला न्यायच्या तयारीनंच. माझी ट्रंक भरलेली. जावयाला तेल लावायला तू न्हाव्याला बोलावलंस, मानाची रीतच ती. पण मी चुलीपाशी बसून ऐकतेय, तू परसात त्याला बजावतेयस, "दादा, तेल चांगलं जिरव. आन् डोळं उघडं ठेव."

मालिश उरकून तो मागच्या दाराशी येतो. "वैनी, छातीवर, पाठीवर तांबूस डाग हायती. खाजत न्हाईत म्हंत्यात."

"तळहातावर बी?"

"व्हय, तळपायावर बी. तुमी कवा बघितलं?"

तू त्याच्या हातावर पानसुपारी ठेवलीस. सोप्यात बसलेले आबा मात्र उठून गोठ्यात गेले.

मग जावयाला पाटावर बसवून, पुढ्यात करंज्या ठेवून तुझी चौकशी. हे म्हणाले, "मामी, रंगखात्यात असतो मी. रंग बसतोय अंगावर."

"सदऱ्याच्या आत कसा शिरला वो? वळखीचा हाय काय तुमच्या?"

"आवं, फिकट पडाय लागल्यात की डाग."

"डाग जात्यात. गरमीचा रोग आतच ऱ्हातोय. उद्या माझ्या लेकीला लागंल, तिच्या पोटातल्याला लागंल. आदी सांगलीच्या डाक्तरला रक्त दावा, दोघंबी. तवर पोरगी जायाची न्हाई. करंजी घ्या."

माझं रक्त चांगलं निघालं, ह्यांचं नाही. हे मुंबई सोडून सांगलीशेजारच्या माधवनगरच्या गिरणीत लागले आणि सांगलीला सुया घेऊ लागले. एकही चुकू नये म्हणून तू न्हाव्याला बरोबर धाडायचीस, आणि दोघं घरी आले की तो मान हलवेपर्यंत जावयाचं ताट वाढायची नाहीस. डॉक्टरांनी शेवटचं रक्त तपासून होय म्हटल्यावरच माझी पाठवणी झाली. नदीवर तू बायकांना सांगत सुटलीस, "मुंबईचा गडी आला की तेल लावा गं बायांनो, आन् उजेडात लावा." त्या साली शिमग्याला आलेले गिरणीवाले बायकोच्या प्रेमानं अगदी भारावून गेले होते. चारसहा जण सांगलीला जाऊन सुया घेऊन आले, आणि वाटेत भेटले की एकमेकांना बाजाराला आलो म्हणून सांगत राहिले.

आता माझी शंका. तू सुईण नव्हतीस, कुणा डॉक्टरच्या हाताखाली नव्हतीस. न्हाव्यानं पाठ सांगितली, छाती सांगितली. तळहात तुला कुणी सांगितले? तुझ्या लग्नानंतर आबाही मुंबईलाच गिरणीत होते. माझ्याआधीची तुझी दोन बाळं पोटातच गेली. सगळे सटवाईचा कोप म्हणायचे, तू मात्र सटवाईपुढं कधी नारळ फोडला नाहीस. आत्या सांगायची, त्यानंतर आबांनी मुंबई सोडली आणि तुम्ही दोघं वर्षभर दर आठवड्याला देवाला जात होता. आपल्या भागात सुईचे व्रण ठेवणारा देव कुठला, ते मला अजून सापडलेलं नाही. आबांच्या दंडावर ते होते. तुझा दंड मी पाहिला नाही. तू घरात, उन्हाळ्यातही, कोपरापर्यंत चोळी घालायचीस.

म्हणजे मला वाचवायच्या आधी तू स्वतः त्यातून गेलीस का, आणि तेव्हा तुझ्या नवऱ्याला पाटावर बसवून विचारणारं कुणी होतं का, एवढंच मला हवंय.

आबा होते तोवर विचारलं नाही, त्यांच्यासमोर कसं विचारणार? ते गेल्यावर विचारलं नाही, तू रडत होतीस. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तर एवढं तोंड उघडलंय. तू आत्ता दारात आलीस तर हा उशीखाली सारीन आणि चहा टाकू का, एवढंच विचारीन.