न उघडलेलं दार

पिंगयांग, तिसऱ्या महिन्याची एकोणतीस तारीख. सकाळचा पहिला प्रहर. आत्तापर्यंत गालांवरचा रंग धूत बसलो होतो.

आईच्या पायांशी शुअनचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. बाजरीची पेज पोटभर मिळते. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र धाकट्या मेईकडूनच वाचून घे, शेजारच्या मास्तरांना दाखवू नकोस.

काल देवळाच्या जत्रेत मला पहिल्यांदा मोठं काम मिळालं. लढाईवरून परतलेला मुलगा मी, आणि आमच्या नाटक मंडळीच्या मालकीण छ्याओबाई माझी आई. आमच्या रंगमंचावर दार नसतं, ते हातांनी दाखवायचं. बाईंनी रिकाम्या हातांनी कडी लावली, तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आणि मी "आई" अशी हाक मारत सरळ आत धावलो.

"अगं म्हातारे, पोरगं मेलंय तुझं! बंद दारातून आलं बघ!" एक भाजीवाला ओरडला. सगळी जत्रा हसली.

पोथीची नक्कल मीच केली होती. 'दार उघडतो, उंबरा ओलांडतो' हे माझ्याच अक्षरात आहे, एकही चूक नाही.

नंतर बाई एवढंच म्हणाल्या, "बाळा, चौदा वर्षं मी ते दार उभं करतेय. एका पावलात पाडलंस की रे."

माझी मान वर झाली नाही. आज दुपारी पुन्हा तोच प्रवेश आहे. चुकलो तर परत मंडळीच्या कपड्यांचे पेटारे उचलायला जाईन.

का चुकलो, ते बाईंना सांगायची लाज वाटली. आई, मी घरी येताना आपलं दार कधी लावलेलं पाहिलंच नाही.

मान खाली घालून,
तुझा शुअन