विमानानं पंचवीस मिनिटं

१२ जुलै, शनि.
शाळेतले तास संपवून थेट बसस्टँड. लातूर गाडीच्या ड्रायव्हरकडे तिथं मेडिकलच्या क्लासला असलेल्या स्वातीचा डबा दिला. धपाटे, शेंगाची चटणी. दर शनिवारी आम्हा नांदेडच्या आयांची तिथं गर्दी असते. लातूरला होस्टेलचे मामा डबे उतरवून घेतात, सोमवारी रिकामे परत.
ह्यांनी नेटवर नवीनच शोधून काढलंय. नांदेड ते लातूर, विमानानं पंचवीस मिनिटं. ‘कुठं लांब हाय पोरगी?’
अहो, पण विमान कुठंय? एसटीत अर्धा दिवस जातो. आणि होस्टेलवाले महिन्यातून एकदाच भेटू देतात.

१४ जुलै, सोम.
डबा भरलेलाच परत. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, जसा नेला तसाच हाय बघा.’
ह्यांना सांगितलं. ‘अभ्यासातून सवड नसंल. चांगलंच हाय की.’
मला घास गेला नाही.

१७ जुलै
स्वा.चा फोन, होस्टेलच्या ऑफिसातून. ‘आई, मला न्हाई जमून राहिलं. झोपच येत न्हाई. घरी येऊ?’ मी ये म्हणणार तेवढ्यात ह्यांनी फोन ओढून घेतला. ‘दुसऱ्यांदा बसतीस परीक्षेला. सोडून आलीस तर मला तोंड दाखवू नको.’
पलीकडून फोन बंद.
मी बोलायला हवं होतं. मेडिकलचं स्वप्न ह्यांचंच, ती बिचारी…

२१ जुलै, सोम.
पुन्हा भरलेला. धपाट्यांना बुरशी.
होस्टेलला फोन केला. मॅडम म्हणतात, ‘मुलगी ठीक आहे, तुम्हीच हळव्या आहात.’
आमच्या ताईला लग्न करून औशाकडे दिलं तेव्हा आबा आईला असंच म्हणाले होते, ‘जवळच तर हाय, रडतीस कशाला?’ त्र्याण्णवच्या भूकंपात ताई गेली. आम्ही पोचलो तोवर चिता विझत आल्या होत्या. जवळ!
उद्या जाते. ह्यांना विचारणार नाही.

२२ जुलै. गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय
स्वा. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. केसांची जट झालेली. मला बघून रडलीसुद्धा नाही. ‘चल’ म्हटलं तर उठली, चप्पल शोधत बसली. मॅडमनी सही घेतली, बाकी काही विचारलं नाही.
ह्यांना फोन लावला. ‘घेऊन येतेय’ एवढंच म्हटलं. ठेवून दिला. मग उचलेनातच.
गाडीत तिनं विचारलं, ‘पप्पा घरात घेतील ना?’ हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.
अहमदपूर मागं पडलं. पोरगी खांद्यावर झोपली आहे, गाढ. आज पहिल्यांदाच वाटतंय, नांदेड अजून लांब असायला हवं होतं.