इंजिन, पंखे आणि ठाण्याचं बारसं

५ जुलै
फुलांच्या पॉलिहाऊसला इंजिन बसलं! गोबरगॅसवर चालतं, वीजही देतं, उष्णताही. हॉलंडात सगळ्या फुलवाल्यांकडे हेच. आंजर्ल्यात पहिला मी. कोटेशनमधला बाहेरचा रेडिएटर मीच खोडला. जास्तीची उष्णता म्हणे त्यातून बाहेर सोडायची. आपली उष्णता गावाला वाटायला मी काय खुळा? दापोली स्टँडवर शहाळी विकत इथवर आलोय.

१४ला ठाण्यात नातीचं बारसं, मुलाकडे, सुजयकडे. बायकोला, सावित्रीला शब्द दिला, आठवडाभर राहू. आता सगळं ऑटोमॅटिक.

७ जुलै
पाइपांतून उष्णता पॉलिहाऊसमध्ये येते. जरा जास्तच येते. आत ४३ डिग्री. जरबेराने माना टाकल्या. चार मोठे पंखे लावले, इंजिनाच्याच विजेवर. वीज कशी लगेच कामाला आली!

९ जुलै
पंख्यांमुळे इंजिनावर लोड वाढला. त्यामुळे उष्णता वाढली. आणखी दोन पंखे. दर तासाला थर्मामीटर बघतो. जेवायचा डबा इथेच येतो.

सावित्री म्हणते, अहो, इंजिनच बंद करा ना, मग गरम कशाने होईल? समजावलं, की मग पंखे कशावर चालतील? रिकामा डबा उचलून निघून गेली. विषय टेक्निकल आहे.

११ जुलै
शेजारच्या आनंदीबाईंनी पावसाच्या ओल्या गोधड्या आमच्या पॉलिहाऊसमध्ये वाळत घातल्या. दगडी गडग्यापलीकडे आपल्या मुलाला सांगत होत्या (माझे कान तिखट): काय खर्च केलान मेल्याने! पण गोधडी कशी पापडासारखी होते हो!

लोकांना प्रोजेक्ट पटू लागलाय.

१३ जुलै
सावित्री सकाळच्या ठाणे गाडीने एकटीच गेली. माझी बॅग दारात तशीच ठेवलीन. म्हणाली, वाट बघते. म्हटलं, आत ४० च्या खाली आलं की उद्या पहिल्या गाडीत बसलोच.

१४ जुलै, सकाळी ६
४१. गाडी गेली.

११.२०
इंजिन तापून आपोआप ट्रिप झालं, बंदच पडलं. पंखे बंद. संपलं! धावत जाऊन बाजूचे पडदे गुंडाळले.

१२.१५
आत २८. छान झुळूक. दोन-चार फुलांनी माना वर केल्यात. मला काहीच काम नाही.

१२.४०
सावित्रीचा फोन. आत्याने कानात कुर्र केलं, नाव राही. सगळे विचारत होते म्हणे, आजोबा कुठायत? म्हटलं, काय करणार, इंजिन सोडून हलताच येत नाही.

ती म्हणाली, मग त्याचा आवाज कसा येत नाहीये?

१२.४५
इंजिन चालू केलं. तिला परत फोन लावला.

उचलला नाही.