दिवेलागणीची इंग्रजी

आष्ट्याजवळची मळ्यातली वस्ती,
एप्रिल १९७४

चिरंजीव जोतीरामास,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी धडधाकट आहेत. तूही तिकडे पलटणीत धडधाकट असशील असं धरून चालते, कारण दोन महिन्यांत तुझं पत्र नाही. तिथं बर्फ पडतं म्हणतोस तर कान झाकत जा, लहानपणापासून तुझे कान दुखरे. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. म्हैस व्याली, रेडा झाला. खुशाली संपली. आता तुला शिव्या द्यायला बसते. (माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या जवानाला वाचायला देऊ नकोस, आत घरातलं आहे.)

दिवाळीला तू भाचीसाठी, विजयमालासाठी ते पुस्तक पाठवलंस, शाळेतल्या पोरांनी रोजच्या विषयांवर इंग्रजी कसं बोलायचं त्याचं. लुगडं पाठवलं असतंस तर नेसले तरी असते. आमच्या गावच्या शाळेत वर्ग नववीपर्यंतच, हे तुला ठाऊक आहे. पुढं शिकायचं तर सांगलीला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला पाहिजे, आणि तिथल्या मंडळींनी अट घातली की मुलीनं पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. तुझ्या दाजींनी लगेच त्यावर आपली अट चढवली. म्हणाले, "जागा मिळाली तर जाऊ दे. न्हाई मिळाली तर येत्या वैशाखात उजवून टाकू." (मिळणार नाही अशी खात्री असल्याशिवाय ते कधी कसली अट घालत नाहीत.) पोरीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग शाळेतले गोपाळकृष्ण मास्तर घरी आले. मूळचे वाईचे, अंगानं काडी, पण हुकूम कलेक्टरचा. त्यांनी नियम घालून दिला की दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत घरात फक्त इंग्रजी, आणि जो मराठीत बोलेल त्यानं विहिरीवरून एक घागर पाणी आणायचं.

पहिल्या दिवशी मी अकरा घागरी आणल्या. त्यातल्या चार सासूबाईंच्या. त्यांना वाटलं नात आपल्याला शिव्या देतेय, म्हणून त्यांनी खबरदारी म्हणून आधीच उलट शिव्या दिल्या, आणि त्या अस्सल मराठीत. आता त्यांना विहिरीवर कोण धाडणार? तुझे दाजी मात्र हुशार, ते त्या वेळात तोंडच उघडीनात. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण एवढा निवांत वेळ मला पहिल्यांदा मिळाला. तेवढ्यापुरते मास्तरांचे उपकार.

मग पोरीनं बोलायचं कुणाशी? दोन दिवस म्हशीशी बोलून बघितलं, तर म्हशीनं पान्हा चोरला. शेवटी चुलीपुढं मी सापडले. माझे हात पिठात, तव्यावर भाकरी, उठून पळता येत नाही. तिनं सवाल करायचा आणि मी जवाब द्यायचा, ती पाठ करून घेईल तसा. जोतीराम, त्या पुस्तकातल्या घरात कुणाला काम म्हणून नाही रे! बाप सकाळी छत्री घेऊन जातो, संध्याकाळी छत्री घेऊन येतो. आई खिडकीत बसून विणते. शेण कोण काढतं ते कुठल्याच पानावर नाही. आणि दर चार पानांनी कुणी ना कुणी हवा छान आहे म्हणतं. इकडे दिवस मावळला तरी भिंती तापलेल्या, जतकडनं आलेली धूळ दातांखाली करकरते, आणि मी भाकरी थापत म्हणायचं, इट इज अ फाइन डे, माय डिअर. नाश्त्याला त्यांना अंडं आणि पाव. मी म्हटलं, त्यात पिठलं घाल. तर म्हणते, आई, पिठल्याला इंग्रजीत शब्द न्हाई. मी म्हटलं, मग पिठलंच म्हण, खायचं असेल तर शिकतील ते. त्याबद्दल एक घागर.

अशात ह्यांचा चुलतभाऊ आकाराम तासगावचं स्थळ घेऊन आला. द्राक्षाचा मळा, दारात ट्रॅक्टर, मुलगा एकुलता एक. आला तो नेमका दिवेलागणीला. दाजी नियमाप्रमाणे गप्प. पोरीला घागरीची धास्ती, तिनं पुस्तकातला पाहुण्याचा धडा काढला आणि गुड इव्हिनिंग अंकल, प्लीज सिट डाउन, म्हणून थेट विचारलं की व्हेन इज युवर ट्रेन? (तो सायकलवर आला होता.) त्यानं विचारलं, "पोरी, सैपाक येतो का?" तर म्हणाली, थँक यू, अंकल. घाबरून त्यानं माझ्याकडं बघितलं. "वैनी, आवं, हिला झालंय काय?" दिवसभर मी पाणी ओढलेलं, एका वाक्यासाठी पुन्हा विहीर कोण चढणार? मी सरळ म्हटलं, आय डू नॉट नो. तो चहा न घेता उठला. तासगावात जाऊन सांगितलं की मायलेकी दोघी झपाटल्यात. स्थळ गेलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परीक्षेच्या दिवशी मास्तर हिवतापानं आडवे. दाजी म्हणाले, उसाला पाणी आहे. तेव्हा पोरीला एस.टी.त घालून मीच निघाले. सांगलीला मोठी खोली, लांब टेबल, पलीकडे चष्म्यातली एक पारशी बाई. तिला मराठी दोनच शब्द येत होते, बसा आणि उठा. पोरींनी एकेकीनं पुढं जायचं, बरोबरच्या माणसांनी भिंतीला टेकून बसायचं. आमची पोर उभी राहिली आणि मुकी झाली. बाईनं बाजार विचारला, शाळा विचारली, हवासुद्धा विचारली. हवा! जी आम्ही चार महिने चुलीपुढं छान म्हणत आलो ती! ओठ हलेनात. मला राग आला, आणि मग कळलं. ही पोर आयुष्यात जेवढं इंग्रजी बोलली ते माझ्या भाकरीच्या आवाजावर. इथं आवाज कुठला असणार? म्हणून मी भिंतीकडे बसल्या बसल्या हातावर हात थापायला लागले, जोंधळ्याची भाकरी थापतात तसं. बाकीच्या बाया माझ्याकडं बघून सरकून बसल्या. पण पोरीनं मान वर केली आणि हवेवर सुटली, ती बाजारापर्यंत आली.

बाई काही खुळी नव्हती. हे पाठ केलेलं आहे, हे तिनं ओळखलं. तिनं थापण्याचा आवाज ऐकला होता, मला बोटानं पुढं बोलावलं. आर यू हर मदर? मी म्हटलं, यस मॅडम, इट इज अ फाइन डे. हसली. मग विचारलं, व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?

जोतीराम, मला शब्दन्‌शब्द कळला. जवाबही पाठ होता, माय हजबंड्स नेम इज, इथपर्यंत. (पुढं घरी विजी आपणच पुरं करायची आणि मी कानावर पिठाचे हात ठेवायची.) पण ते नाव मी तोंडानं कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इथं इंग्रजी उखाणा कुठून आणू? बाईनं मोठ्यानं विचारलं, बहिऱ्याला विचारतात तसं. मग माझ्या कुंकवाकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी मनाशी म्हटलं, चार महिने पोरीनं ओढलं ते मी एका नावापायी घालवलं.

तेवढ्यात पोरगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. हा धडा पुस्तकात नाही, तो मी ऐकलेला नव्हता, तेव्हा निम्माशिम्माच कळला. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हाक मारायची तर बांगड्या वाजवते, देवाचं नाव तेच असलं तर आरतीत तेवढा शब्द गिळते, असं काहीबाही. कुठं अडली तिथं मराठी शब्द घालून पुढं गेली. मग म्हणाली की माझ्या आईचं नावही घरात कुणी घेत नाही, विजीची आई म्हणतात, तिचं नाव शालू आहे. हे मला आजवर मराठीतसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली, पण बाईनं थांब म्हणून हात काही वर केला नाही. जागा मिळाली. तसा कागद आला.

तर असे हे तुझ्या पुस्तकाचे प्रताप. स्थळ गेलं, कंबर गेली, म्हशीचं दोन दिवसांचं दूध गेलं. असलं पुस्तक पुन्हा कुणाच्या घरी पाठवू नकोस. जेवत जा.

तुझी अक्का,
शालूबाई (हे नाव ओळखीचं वाटतंय का बघ)

ता. क. पुस्तक विजी सांगलीला घेऊन जाईल. तसलंच आणखी एक पाठव. कुणासाठी ते विचारू नकोस.

ता. क. पुन्हा. जाईल असं वर लिहिलं, पण तुझे दाजी आता म्हणतात, "मी तसं बोललोच न्हाई." म्हणतात, म्हशीचं कोण बघणार. जूनला शाळा उघडते. ते माझं ऐकत नाहीत, मास्तरांचं तर नाहीच, पण पलटणीतल्या माणसाच्या शब्दापुढं गप्प बसतात. तेव्हा त्यांच्या नावानं पत्र धाड. पाकिटावर नाव तूच घाल, मला ते नाव लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. आणि पत्र इंग्रजीत लिही. काय लिहावं याचा फार विचार करू नकोस, हवा छान आहे एवढंच लिहिलंस तरी पुरे. घरात इंग्रजी येणाऱ्या आम्ही दोघीच. त्यात मामानं काय बजावलंय, ते मी त्यांना वाचून दाखवीन.