ताईच्या काचेवरची वाफ

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! गच्चीवरची खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकीतलं सगळं आकाश आपलंच. नोकरी ताईच्या वशिल्याने मिळाली, हे ताईने आल्या आल्या दोनदा ऐकवलं. काम सोपं आहे. गच्चीवर ऊन मोजायची दोन सारखीच यंत्रं, एक तिचं, एक माझं. काचेच्या घुमटावर ऊन पडतं आणि आकडा उमटतो. साहेब म्हणाले, सूर्याने पाठवलेलं सगळं ऊन खाली पोचत नाही. हवा, धूळ, वाफ वाटेतच आपापला वाटा काढून घेतात. हवेच्या वरचा पुरा आकडा भिंतीवर लिहिलाय. तो जमिनीवर कधी यायचा नाही म्हणे.

गुरुवार, ६
आजही ताईचा आकडा माझ्याहून जास्त. अगं, काच पुसत जा, म्हणाली. जशी काही मी झोपाच काढते! लहानपणापासून हेच. आधी तिचं अक्षर, मग तिचे केस, आता तिचं ऊन. जिचं यंत्र चोख, तिला डोंगरावरचं नवं केंद्र मिळणार आहे. मला ते हवंय. तिला मिळालं तर मला बघवणार नाही.

सोमवार, १०
नोंदीच्या ऐन वेळी ताई खाली गेली. मी तिच्या काचेवर तोंड भरून वाफ सोडली. आकडा घसरला. काय गार वाटलं जिवाला! मनात म्हटलं, हवेने तिचं ऊन हवं तेवढं खावं, माझ्या उन्हाला बोट लावू नये.

बुधवार, १२
माझा आकडा चढतोय! साहेबांनी शाबासकी दिली, ताईचं तोंड एवढंसं झालं. माझ्या बाजूचं आकाश फारच गडद दिसतं. जिन्यात धाप लागली.

शुक्रवार, १४
भिंतीवरचा आकडा गाठला. पुरा. साहेब म्हणतात यंत्र बिघडलं. ताईने तपासलं, यंत्र ठीक आहे. ती मला काहीतरी म्हणाली — ओठ हलले, ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यावर आकाश काळं. भर दुपारी. चार पावलांवर ताईचे केस वाऱ्याने उडतायत. माझ्याकडे वाराच —

शनिवार
खोलीतही तेच. गच्चीवर आले. ताईच्या काचेवर पुन्हा तोंड टेकलं — वाफ उठत नाही. छातीत काहीच —

ताई हात पुढे करतेय. रडतेय. आणि केवढाले श्वास घेतेय, बघा. तिला सगळं नेहमी जास्तच. मला फक्त एक —